उतरणीचे दोन पैसे

"चढणीचे पैसे देईन. उतरणीचा एक छदामही देणार नाही!" धोंडगडचे राजे रणधीरराव गादीवरून गरजले.

समोर उभी होती गोजरा, गडाखालच्या गेनू कुंभाराची लेक. बापानं माठ घडवायचे आणि लेकीनं सात गाढवांवर लादून घरोघर पोचवायचे, असा त्यांचा धंदा. पोचवायचा दर तिनंच बांधलेला. आपल्या आळीत फुकट, कारण तिथं पैसे मागितले तर विहिरीवर बोलेल कोण? ओढ्यापलीकडं माठामागं एक पैसा. आणि गडावर चार पैसे. दोन चढणीचे, दोन उतरणीचे. सहाशे पायऱ्या चढण्यात सकाळ जायची, उतरण्यात दुपार. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक व्हायचंच नाही.

"उतरताना गाढवांवर ओझं असतं का गं?" राजांनी विचारलं.

"नाही जी."

"मग पैसे कसले? रिकामं गाढव आपोआप उतरतं!"

दिवाण विसाजीपंतांनी मान डोलावली. त्यांना पगारच त्याचा होता.

"म्हाराज, दोन पैशांत गाढवांची वैरण निघत नाही. उन्हाळाभर असं केलं तर आमची भट्टी विझंल!"

पण राजे पडले हट्टी. म्हणाले, "ऐक पोरी! आठ दिवस देतो. उतरणीचं काय घेशील, हे मी माझ्या तोंडानं तुला विचारलं, तर मागशील ते देईन. नाही विचारलं, तर गडावर जन्मभर फुकट माठ पोचवायचे!"

दरबार खो खो हसला. राजा आपण होऊन विचारणार, तेही पैसे द्यायला! तुम्ही हसू नका हं. माठ घेताना टिचक्या मारमारून, वर झाकण फुकट मागणारी माणसं मी तुमच्या घरात पाहिलीत.

गोजरा म्हणाली, "कबूल. पण तोवर तुमचाच दर चालवायचा. चढणीचे दोन पैसे, उतरणीचं काही नाही. चालंल?"

"चालेल!"

"सगळ्यांनी ऐकलं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सात गाढवं पेंढ्यात बांधलेले माठ घेऊन गड चढली. गोजरानं माठ उतरवून घेतले, एकालाही तडा नव्हता. चढणीचे पैसे कमरेला खोचले, पुढच्या गाढवाची, म्हणजे सुभेदाराची, पाठ थोपटली आणि निघाली एकटीच खाली.

"अगं ए! गाढवं राहिली की!" पहारेकरी ओरडला.

"राहू द्या, मामा! राजांनी चढण घेतली, ती मी पोचती केली. उतरणीचा सौदाच झाला नाही. आणि गाढवं आपोआप उतरत्यात म्हणं. उतरतील की!"

उतरतात कसली! पहिल्या दिवशी त्यांनी राजांचा मोगरा खाल्ला. दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांनी हौसेनं पेरलेली कोथिंबीर. तिसऱ्या दिवशी सातही जणं थेट दरबारात. सुभेदार ओरडला की बाकीची सहा माना डोलवायची. दरबाराची रीत त्यांनी तीन दिवसांत उचलली. विसाजीपंतांना म्हणे वर्ष लागलं होतं.

"जप्त करा!" दिवाण म्हणाले.

"आणि वैरण कोण घालणार? तुम्ही?" राजे खेकसले. "शिपाई लावा आणि हाकला खाली!"

आता कुंभाराच्या गाढवाची एक खोड असते. उतारावर मालक पुढं चालला, तरच ते पाऊल टाकतं. मागून रेटलं की बसतं! हे शिपायांना कोण सांगणार? बारा शिपाई मागून रेटताहेत आणि सात गाढवं पहिल्याच पायरीवर बसून शेपट्या हलवताहेत. सुभेदारानं एक लाथ झाडली. एक शिपाई मात्र तेवढा खाली पोचला. फुकट आणि झटपट!

चौथ्या दिवशी राणीसाहेबांनी निरोप धाडला. "आज एकतर गाढवं गडावर राहतील, नाहीतर मी!"

राजांनी गोजराला बोलावणं पाठवलं. ती आली आणि वाकून मुजरा केला.

"ने तुझी गाढवं!"

"नेते की, म्हाराज. पण उतरणीला दर नाही. बिनदराचं काम मी आजवर आळीबाहेर केलं नाही."

"अगं, रिकामी तर न्यायचीत!"

"मग शिपायांना सांगा ना!"

तेवढ्यात सुभेदारानं असा सूर लावला की दरबारातली झुंबरं किणकिणली. बाकीच्या सहांनी त्याला साथ दिली. राजांनी दोन्ही कान दाबले आणि तारस्वरात ओरडले, "बाई, बोल! काय घेशील? उतरणीचं काय घेशील?"

गाढवंसुद्धा थांबली. विसाजीपंतांची मान अर्ध्यावरच अडकली. आपण काय बोलून बसलो, ते राजांच्या हळूहळू ध्यानात आलं.

"बरं बाई, हरलो!" राजे पुटपुटले. "माठामागं दोन पैसे ना? दिले!"

"ते कालपातुरचे, म्हाराज. आज चार."

"चार? चढणीपेक्षा उतरण महाग? तीही रिकाम्या गाढवांची?"

"रिकामी कुठं, म्हाराज?" गोजरा म्हणाली. "येताना पाठीवर आमची माती होती. जाताना पोटात तुमचा मोगरा आहे, राणीसाहेबांची कोथिंबीर आहे! असला नाजूक माल सहाशे पायऱ्या जपून उतरवायचा, म्हंजे चार पैसे तर स्वस्तच!"

राजे क्षणभर गाढवांच्या फुगलेल्या पोटांकडं बघत राहिले. मग असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळत विसाजीपंतांच्या मांडीवर गेली!

चार पैसे तर मिळालेच, शिवाय गडाच्या पायथ्याशी दोन भट्ट्यांपुरती जमीन मिळाली. सातही गाढवांवर जरीच्या झुली चढल्या. मग गोजरा पुढं झाली, एक हाक दिली, आणि सगळी वरात तिच्या मागोमाग झुली मिरवत एकेक पायरी उतरू लागली.