साळुंकीने कातळ सोडला

मुलांनो, घाटाखालच्या एका रानात एक साळुंकी राहत असे. स्वभावाने सरळ, पण डोके लवकर तापायचे तिचे. त्या रानाच्या मधोमध एक भला मोठा कातळ होता. त्यावर एक वानर बसे आणि ज्याचा जो निरोप असेल तो सगळ्या रानाला ऐकू जाईल असा खणखणीत पुकारी. सारे रान तिथे जमे आणि येणारा प्रत्येकजण वानरासाठी एखादे फळ आणी. हळूहळू वानराच्या ध्यानात आले, की भांडण पुकारले की गर्दी हलत नाही, आणि गर्दी हलली नाही की फळे वाढतात. मग काय! सात टेकड्यांपलीकडच्या दोन रानडुकरांचे चिखलावरून वाजले, तरी तो दिवसभर तेच सांगत बसे.

साळुंकीची धाकटी बहीण ओढ्यापलीकडे उंबरावर राहत होती. अंडी सोडून तिला हलता येईना, म्हणून तिने कातळावर निरोप धाडला, "ताई, उंबराखाली धामण फिरते आहे. दोघींनी मिळून चोची मारल्या तर पळेल. लगेच ये." साळुंकीच्या कानी तो पडला तिसऱ्या दिवशी. ती धापा टाकत पोचली, तेव्हा बहीण रिकाम्या घरट्याच्या काठावर बसली होती. "वाट पाहिली गं तुझी," एवढेच ती म्हणाली. साळुंकी तडक कातळावर आली. "माझ्या बहिणीचा निरोप तीन दिवस कुठे होता?" वानर फणसाचा गरा चघळत म्हणाला, "होता की! पण डुकरांचे भांडण ऐन रंगात होते. अंड्यांचे कोण ऐकणार?"

"मग बस तुझ्या डुकरांना घेऊन!" असे म्हणून साळुंकीने कातळ सोडला. "माझ्याशी बोलायचे असेल त्याने माझ्या करवंदीच्या जाळीपाशी यावे," असे तिने सगळ्यांना सांगितले. चार दिवस ती वाट बघत बसली. आली फक्त एक गोगलगाय, तीही रस्ता चुकून. शेवटी साळुंकीच सशाकडे गेली. ससा म्हणाला, "मलाही उबग आलाय गं त्या कातळाचा! पण भेकर तिथे असते. मी एकटा कुठे जाऊ?" भेकर म्हणाले, "मी केव्हाच सोडला असता, पण मोर तिथे असतो ना." आणि मोर म्हणाला, "छे, डोके उठते तिथे! पण करणार काय? ससा तिथे आहे." साळुंकीने कपाळावर पंख मारून घेतला. तिघांनाही तिने एका झाडाखाली आणून उभे केले. "आता एकमेकांच्या तोंडावर हेच पुन्हा बोला बघू!" तिघे एकदमच म्हणाले, "मग सोडूया की कातळ!"

कातळ सोडायचे ठरले, तर नवीच कटकट. ससा म्हणे माझ्या बिळापाशी जमू, भेकर म्हणे माझ्या डोहावर, मोर म्हणे माझा माळ काय वाईट आहे? "अरे, एक कातळ सोडला तो दुसरा उभा करायला का?" साळुंकी कडाडली. "ज्याची त्याची बैठक ज्याच्या त्याच्या जागी राहू द्या. एकाकडचा निरोप दुसऱ्याने पुढे न्यायचा, जसाच्या तसा. एखाद्या ठिकाणी जाच झाला, तर उठून दुसरीकडे बसायचे. मित्र काही तुटत नाहीत."

कातळावरची गर्दी यामुळे कमी झाली म्हणावे, तर तसे नाही. चौघे गेल्याचे वानराला कळलेही नाही. भेकर सवयीने दोनदा तिकडे जाऊन ओशाळून परतले. मोर निरोप सांगण्याआधी पिसारा फुलवू लागला, की साळुंकी खेकसे, "आधी बोल, मग नाच!" पण बहिणीने पुन्हा अंडी घातली, आणि एके सकाळी तिचा निरोप डोहावर आला, तिथून सशाकडे आणि सशाकडून माळावर गेला. मोर पिसारा मिटूनच धावत आला, "ताई, तीन पिल्ले झाली. बघायला ये." साळुंकी उंबरावर पोचली, तेव्हा पिलांची अंगे अजून ओलीच होती.

तात्पर्य : "सगळे तिथेच आहेत" म्हणून जाचाच्या जागी बसून राहणारा स्वतःही त्या सगळ्यांपैकीच एक असतो; आधी आपण उठावे आणि मग शेजाऱ्याला उठवावे.