पलीकडच्या काठावरची सही

युगांडातल्या एका मोठ्या सरोवराकाठी चिनी कंपनीनं माणसं वाहायची नवी यांत्रिक बोट आणली. ती चालवायला गावकऱ्यांना शिकवायचं, अशी करारात अट होती. कंपनीच्या फान साहेबांनी तीन दिवस भिंतीवर चित्रं दाखवली आणि शिक्षण संपल्याच्या कागदावर सही मागितली.

नावाड्यांची प्रमुख नाकालेंबे मोठी चौकस बाई. तिनं विचारलं, "साहेब, वादळात इंजिन बंद पडलं तर काय करायचं?"

"आमचं इंजिन बंद पडत नाही. तुमची माणसं पक्की तयार झालीत. सही करा, नाहीतर बोट दुसऱ्या गावाला जाईल."

नाकालेंबे म्हणाली, "करते की! पण पलीकडच्या काठावर पोचल्यावर. बोट आमची माणसं चालवतील, तुम्ही पुढच्या बाकावर बसा."

साहेब ऐटीत बोटीत जायच्या फळीवर चढले. तेवढ्यात सुकाणूवरच्या नावाड्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, सुरू करायचं बटण यातलं कुठलं?"

साहेब झटकन खाली उतरले. "आज वारा फार आहे," ते पुटपुटले.

"वारा इथं रोजच असतो, साहेब," नाकालेंबे म्हणाली. "ज्या दिवशी तुम्ही बिनघोर बसाल, त्या दिवशी आमचं शिक्षण पूर्ण झालं."

फान साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी पाण्यावर सुरू झाली.