जांभळीच्या ढोलीतली माळ

ऐका गं चिमण्यांनो, ऐका रे राघूंनो. मांडी घाला नि कान इकडे करा. गोष्ट आहे काचेची, तेव्हा जपून ऐकायची.

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. गावात बांगड्या विकणाऱ्या कासाराचं एकच घर, आणि त्या घरात बकुळा नावाची पोर. डोळे टपोरे, केस पिंगट, आणि हात कसे, तर सायीसारखे मऊ. एके काळी तिच्या बाबाच्या पेटाऱ्यात बांगड्यांच्या माळाच माळा असायच्या. हिरव्या, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी. पेटारा उघडला की घरात इंद्रधनुष्य उतरायचं.

मग बाबा आजारी पडला. आईनं आधी नफ्यातून औषध आणलं. नफा संपला तशी भांडवलातून आणलं. भांडवल म्हणजे काय, ठाऊक आहे का? ज्या पैशानं उद्याचा माल आणायचा, तो पैसा. शेतात जसं बियाणं, तसं दुकानात भांडवल. बियाणंच दळून खाल्लं तर पेरणार काय? पण घरात माणूस तळमळत असताना बियाणं कोण जपतं? बाबाही गेला, भांडवलही गेलं. राहिला तो रिकामा पेटारा.

आई लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. घरात आईचा भाऊ होता, खंडूमामा, पण त्याचा हात चालायचा तो ताटावरच.

एक दिवस आई म्हणाली, "बकू, नागपंचमीला गावोगावच्या बायका नव्या बांगड्या भरतात. आदल्या दिवशीच्या बाजारात आपलं दुकान लागलं तर वर्षाची भाकरी निघते. नाही लागलं, तर माझ्या एकटीच्या मजुरीत भागत नाही गं. शहरातल्या मावशीनं तुझ्यासाठी एक घर बघून ठेवलंय. तिथं भांडी घासायला जावं लागेल."

"तू येशील माझ्याबरोबर?"

आई नुसतीच चूल फुंकत बसली. चूल तर केव्हाच पेटली होती.

दुसऱ्या दिवशी बकुळा सरपण आणायला रानात गेली. आषाढातलं रान ते. तेरड्याची गुलाबी गर्दी, रानफुलांची पिवळी पिवळी बटणं, गवताच्या पात्यापात्यावर ऊन नाचतंय, फुलपाखरांना तर बसायला फुरसत नाही. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून आवाज आला. किण किण. किण किण.

बकुळेनं फांदी बाजूला केली. आत बघते तर परी. रांगत्या बाळाएवढी, गोरीमोरी झालेली, पंख काट्यात अडकलेला. पंख कसला, पाण्यावरच्या बुडबुड्याचा पापुद्राच. जरा ओढला की गेला.

"हलू नका परीताई," बकुळा म्हणाली. "अंग सैल सोडा. बांगड्या भरताना आम्ही असंच सांगतो."

परीनं अंग सैल सोडलं. बकुळेनं आपल्या मऊ बोटांनी एकेक काटा दूर केला. पंखाला चरासुद्धा पडला नाही.

परी भुर्रकन वर उडाली, गरगर फिरली आणि जांभळीच्या फांदीवर बसून म्हणाली, "माग काय हवं ते. सोन्याचा हंडा देऊ? साखरेचा बंगला देऊ?"

साखरेचा बंगला म्हटल्यावर बकुळेच्या तोंडाला पाणी सुटलं. आवंढा गिळून ती म्हणाली, "हंडा आम्ही बसून खाऊ आणि बंगला मामा चाटून टाकील. मला विकायला बांगड्या द्या. थोड्या दिल्या तरी चालतील."

"विकायला?" परीनं डोळे मोठे केले. "विकायला तर आजवर कुणी काही मागितलं नव्हतं." तिनं हवेत बोट फिरवलं आणि बकुळेच्या खांद्यावर हिरव्यागार बांगड्यांची एक माळ येऊन पडली. गार गार, चकचकीत.

"पण ऐक. माझ्या देण्याला नियम असतो. ही माळ उसनी. विकून आलं की माळेचं मोल सांजेला या जांभळीच्या ढोलीत ठेवायचं. सकाळी त्याच्या नव्या बांगड्या झालेल्या असतील. वरचा नफा तुझा. मोलातला एक पैसा जरी खाल्लास, तर साऱ्या बांगड्यांचं दव होईल आणि ऊन पडताच उडून जाईल."

"आणि नफ्यातला थोडा ढोलीत टाकला तर?"

परीचे डोळे लुकलुकले. "टाकून तर बघ."

बकुळा धावत घरी आली. आईला सगळं सांगितलं. आईनं एक बांगडी उचलून उजेडात धरली, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. म्हणाली, "परी असो की वाणी, मुद्दल ते मुद्दल. त्याला शिवायचं नाही."

मग काय विचारता. बकुळा दारोदार फिरू लागली. पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा आला की कपाळाला लावायची आणि पुढच्या दाराकडे पळायची. सांजेला मोल ढोलीत जायचं. नफ्यातून घरचं पीठमीठ यायचं, आणि उरलेलं चिमूटभर पुन्हा ढोलीत.

खंडूमामा दारात बसून वाट बघायचा. "आलीस का सावकारीण? जिलबी आणलीस?"

"नाही मामा. ज्वारी आणलीय."

"मग जिलबीचे पैसे कुठायत?"

"ढोलीत टाकले."

"वा," मामा म्हणायचा, "झाडाला जिलबी आणि सख्ख्या मामाला पिठलं. बरं आहे."

पण रोज सकाळी कशी मज्जा होती म्हणून सांगू. उजाडलं की बकुळा अनवाणी जांभळीकडे पळत सुटायची. ढोलीत हात घालायचा नि बाहेर काय येईल त्याचा नेम नाही. कालच्यापेक्षा माळ वीतभर लांब. दुसऱ्या दिवशी तीत लिंबोणी बांगड्या आलेल्या. मग जास्वंदी. मग सोनेरी ठिपक्यांच्या. एका सकाळी तर एक माळ ओढली, तिच्यामागून दुसरी आली, दुसरीमागून पिल्लासारखी तिसरी आली, आणि बकुळा गवतात फतकल मारून हसत सुटली. पेटारा भरत चालला. अजून थोडं जमलं की पंचमीचं दुकान लागणार होतं.

अशात आठवडी बाजार आला. बकुळेनं झाडाखाली गोणपाट अंथरून माळा मांडल्या. मामा राखणीला म्हणून आला होता, आणि भजी तळणाऱ्याकडे तोंड करून बसला होता.

एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. डोंगरातल्या खाणीवर खडी फोडणारी, गिरजाबाई तिचं नाव. म्हणाली, "माझा हात भरशील का गं पोरी? पलीकडच्या दुकानदारानं हात बघूनच वाटंला लावलं. पंचमीला भावाकडं जायचंय. लई वर्सांनी बोलावलंय त्यानं. उघड्या हातानं कशी जाऊ?"

हात कसला, बाभळीचा खोडका. बोटांची पेरं सुजलेली, तळवा राठ. आणि कासाराची रीत अशी, की बांगडी चढवताना फुटली तर नुकसान कासाराचं. बाईकडून पैसा घ्यायचा नाही. आणि फुटली असंही म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं.

"बसा मावशी," बकुळा म्हणाली.

पहिली बांगडी पेरापाशी अडली. कट्. वाढली. दुसरी वाढली. बकुळेनं हाताला तेल लावलं, साबण लावला. कट्. कट्.

मामा कानाशी लागला. "अगं ए, आजचा नफा गेला. आता वाढेल ती मुद्दलातली. पंचमी तोंडावर आली. उठव त्या बाईला."

गिरजाबाईनं ते ऐकलं. हात मागं घेत म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय. दगडाचा हात हाय माझा. तुझं नुसकान नको."

बकुळेच्या डोळ्यांपुढे शहरातलं ते न पाहिलेलं घर आलं, खरकट्या भांड्यांचा ढीग आला. पण हात तिनं सोडला नाही. कासारणीपुढे हात धरलेली बाई रिकामी उठवायची नसते.

आणखी कितीतरी बांगड्या वाढल्या, पुऱ्या माळा रित्या झाल्या. मग बकुळेला एक सुचलं. तिनं विचारलं, "मावशी, तुमचा भाऊ कसा आहे हो?"

"कसा म्हंजी? काळा," गिरजाबाई म्हणाली. "ल्हानपणी मी त्याला पाठंवर घेऊन वढ्यात पडले होते. दोघं बी चिखलानं बरबाटलो. आईनं वळखलंच न्हाई, म्हनली ही कुनाची म्हशीची रेडकं?" आणि म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिचा हात सैल पडला, आणि बांगडी सर्रकन पेरावरून घसरून मनगटात जाऊन बसली. मग दुसरी. मग तिसरी. दोन्ही हात हिरवेगार झाले. भरलेल्या बांगड्यांचे तेवढे पैसे देऊन म्हातारी हात वाजवत निघून गेली.

सांजेला बकुळा ढोलीपाशी गेली तेव्हा परी फांदीवर बसलेली होती. बकुळेनं पैसे ठेवले तशी परीनं ढोलीत डोकावून बघितलं. "मोल कमी आहे."

"हो. खाल्लं नाही परीताई. वाढल्या."

"त्या बाईला उठवलं असतंस तर मोल पुरं राहिलं असतं."

"राहिलं असतं," बकुळा म्हणाली. "पण मग मी कासारीण कसली?"

परी म्हणाली, "पोटात गेलेलं वेगळं आणि धंद्यात गेलेलं वेगळं. तुझ्या बांगड्यांचं दव होणार नाही. पण वाढल्या त्या वाढल्या. त्या मी भरून देणार नाही. नियम तो नियम."

बकुळेनं मान हलवली. सकाळी ढोलीत हात घातला, तर एकच आखूडशी माळ. पेटारा अर्धाही भरेना, आणि दुसऱ्याच दिवशी पंचमीचा मोठा बाजार. आईनं बकुळेच्या परकराचं नि पोलक्याचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं.

दुपार टळली, आणि डोंगराच्या वाटेनं एकच गलका ऐकू आला. खाणीवरच्या बायका. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोरं घेतलेल्या. सगळ्यांच्या पुढं गिरजाबाई, दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवत. "हीच ती पोर. आमच्या हाताला हिसडा मारीत न्हाई, आन् हात बघून नाक मुरडीत न्हाई. हिच्याकडंच भरायच्या."

बकुळा रडवेली झाली. "मावश्यांनो, माझ्यापाशी एवढा माल नाही."

"मंग उद्या भर की बाजारात," एकजण म्हणाली. "पन पैसं आत्ताच घे. आज पगार झालाय. घरी नेला तर उद्याला ऱ्हाईल का? तुझ्यापाशी ऱ्हाईल."

आईनं होत्या त्या माळा खुंटीला अडकवल्या आणि रिकाम्या पेटाऱ्यात पैसे पडू लागले. खण् खण् खण्. बायका गेल्या तेव्हा तळ दिसत नव्हता.

खंडूमामा उठून उभा राहिला. त्या घरात ही नवलाचीच गोष्ट. "बकू, आता तरी जिलबी?"

"हे आपले नाहीत मामा."

"मुठीत आले ते आपले."

"बायकांचे हात भरेपर्यंत बायकांचेच," बकुळा म्हणाली. आईनं पेटाऱ्याची दुसरी बाजू धरली आणि दोघी मायलेकी जांभळीकडे निघाल्या. साऱ्याचा सारा पैसा ढोलीत ओतला.

पंचमीच्या आदल्या दिवशी उजाडलं, आणि काय सांगू पोरांनो. जांभळीच्या फांदीफांदीला माळा लोंबत होत्या. अंजिरी, आकाशी, केशरी, राघूच्या रंगाच्या, चांदण्या जडवलेल्या, बाळांच्या इवल्या इवल्या काळ्या मण्यांच्या. वारा आला की सगळं झाड किणकिणायचं. खाली उतरवता उतरवता आईच्या दंडाला रग लागली आणि मामाला तर खरंच घाम आला.

बाजारात दुकान लागलं. आधी खाणीवरच्या बायका बसल्या, घेतलेल्या पैशाच्या बांगड्या त्यांच्या हातात गेल्या. त्यांच्या हातांचा आवाज ऐकून बाकीचा बाजार लोटला. आई एकीकडे भरतेय, बकुळा दुसरीकडे भरतेय, मामा माळा सोडून देतोय आणि ओरडतोय, "रांगेनं या, ढकलू नका, कासारणी दोघीच आहेत." सांजेला आईनं घरी येऊन कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं. परकर नि पोलकं पुन्हा खुंटीवर टांगलं.

मग बकुळा आईला घेऊन रानात गेली. हातात हिरव्या बांगड्यांची एक पुरी माळ होती, आणि आईच्या डोक्यावर पेटारा.

"परीताई, ही तुमची उसनी माळ. आता दुकानात आहे ते आमच्या कमाईचं."

परीनं माळ घेतली, गळ्यात घातली आणि आपला इवलासा हात पुढं केला. "मला भरशील?"

बकुळेनं पेटाऱ्यातून बाळांच्या बांगड्या काढल्या. परीचं मनगट कमळाच्या देठासारखं. एकही वाढली नाही.

आता आपल्याकडची चाल तुम्हाला सांगते. बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. मग ती मजुरीण असो, पाटलीण असो, नाहीतर राजाची राणी असो.

परी फांदीवरून खाली उतरली. तिनं पंख मिटले, पदर सावरला, आणि त्या अनवाणी पोरीपुढे वाकली. "येते हं, कासारीणबाई."

बकुळा इतकी लाजली की तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बोटांच्या फटीतून बघते तर सगळं रान उजळलेलं. आधी हिरवं, मग गुलाबी, मग सोनेरी, मग दुधासारखं पांढरं. आईनं डोळ्यांवर पदर धरला. उजेड वर वर गेला, जांभळीच्या शेंड्यावर क्षणभर थांबला आणि आभाळात मिसळून गेला. मागे राहिलं एवढंच, किण किण, किण किण, आणि तेही मग लांब, लांब गेलं.