शोध्याची यादी

माउसला अजून शेपटी होती, त्या काळची गोष्ट. गावच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर, पंखा आणि शोध्या असे तिघे राहत. कुठली फाइल कुठे आहे याची यादी शोध्या करी. त्यासाठी राबायचं मात्र प्रोसेसरने.

एका सकाळी प्रोसेसर तव्यासारखा तापला. पंखा घाबरून गरागरा फिरू लागला. "अहो, बाहेर कुणी एक बटणही दाबलेलं नाही! राबताय कुणासाठी?"

"शोध्यासाठी," प्रोसेसर धापा टाकत म्हणाला.

"अरे शोध्या, फाइली तर चाळीसच ना?"

"त्या परवाच लिहून झाल्या," शोध्या मान वर न करता म्हणाला. "पण ही यादीसुद्धा फाइलच की! तिची नोंद केली की ती बदलते. बदलली की पुन्हा नोंद."

पंखा आणखी जोरात फिरला. "दोन दिवस हेच? अरे, तेवढी यादी वगळ!"

"वगळू? मग ती कुठे आहे हे कळणार कसं?"

"तुझ्या हातात आहे ती!" प्रोसेसर ओरडला.

शोध्याने दचकून हाताकडे पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. प्रोसेसर निवला. पंख्याची घरघर थांबली.

बाहेर वाचनालयाच्या मंदाताई ताडकन उठल्या. "अगं बाई, कॉम्प्युटर बंद पडला की काय?"