हनामेलचा कडू घोट

मंडळी, यार्देन नदीच्या पलीकडे, वाळवंटाच्या कडेला बेथतामार नावाचं गाव होतं. गाव कसलं, खजुरीची चार झाडं, एक झरा आणि दुपारचं ऊन. त्या उन्हात लांबची टेकडी पाण्यावर तरंगते आहे असं वाटायचं. झऱ्याशी एलिशामा नावाचे सत्पुरुष राहत. त्या मुलखात त्यांना 'अब्बा' म्हणत; आपण आपले महाराजच म्हणू. प्रभू येशूचं नाव घ्यावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या हातानं पाणी काढून द्यावं, एवढाच त्यांचा दिनक्रम. बोलत इतकं हळू, की ऐकणाऱ्याला आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेना.

तिथून जवळच हदोराम राजाचं नगर होतं. राजाचा प्याला सांभाळणारा सेवक म्हणजे हनामेल. काम मोठं जोखमीचं. राजानं काहीही पिण्याआधी पहिला घोट हनामेलनं घ्यायचा, आणि तो धडधाकट उभा राहिला तरच राजानं प्यायचं. एकच घोट हं! दुसरा घेतला तर राजाचा अपमान, आणि त्याला शिक्षा मरणाची.

हा हनामेल एकदा सहज झऱ्यावर आला, महाराजांपाशी बसला, तो दिवस कलला तरी उठेना. उठला तो बाप्तिस्मा घ्यायलाच. त्याच झऱ्यात महाराजांनी त्याला बाप्तिस्मा दिला. अशी बातमी दरबारात पोचायला कितीसा वेळ लागतो? प्रधान गेशेम भर सभेत म्हणाला, "पाण्यात डोकं बुडवून माणूस पवित्र होत असेल, तर आपल्या तळ्यातली बदकं केव्हाच संत झाली असती." सगळे खो खो हसले. बिचारा हनामेल राजाचा प्याला पुसत राहिला.

पण या हसण्यात पाणी मुरत होतं. राजाला विष घालून गादी बळकवायची, असा गेशेमचा बेत होता, आणि त्याच्या आड येत होता तो पहिला घोट घेणारा हनामेल. मग गेशेम राजाच्या कानाला लागला. "स्वामी, जो आपल्या सूर्यदेवाला धूप घालत नाही, त्याचं उष्टं आपण प्यायचं?" राजा पडला हलक्या कानाचा. त्यानं हुकूम काढला, सणाच्या दिवशी हनामेलनं मूर्तीपुढे धूप टाकावा, नाहीतर त्याचं मुंडकं उडेल आणि प्याला गेशेमच्या भाच्याकडे जाईल.

हनामेल धावत झऱ्यावर आला. "महाराज, चिमूटभर तर धूप आहे. टाकू का? मी गेलो तर राजाही जगायचा नाही. गेशेमचं लक्षण मला ठीक दिसत नाही."

महाराज पाण्यात हात बुडवून बसले होते. ते म्हणाले, "धूप टाकू नकोस. ज्याला जीव वाहिलास त्याच्याशी खोटं वागू नये. पण राजाचं मीठ खाल्लंयस, त्यालाही जाग."

"दोन्ही कसं जमायचं?"

"कडू लागलं तर मला हाक मार," एवढंच बोलून महाराजांनी डोळे मिटले. हनामेलला काही उमगलं नाही, पण तो तसाच नगराकडे परतला.

सणाच्या दुपारी दरबार धुपाच्या धुरानं भरून गेला होता. माणसं धुरातून यायची आणि धुरातच विरायची. हनामेल मूर्तीपुढे गेला आणि हात जोडून राजाला म्हणाला, "स्वामी, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." जल्लाद पुढे झाला. तिकडे भाच्यानं प्याला उचलून ओठांना लावला, पण त्याच्या गळ्याची घाटी काही हलली नाही. हनामेलनं ओळखलं, हा प्यायलाच नाही, प्याल्यात विष आहे. सांगावं तर देव बदललेल्या माणसाच्या शब्दाला त्या सभेत किंमत ती काय!

"स्वामी," तो म्हणाला, "मरणाऱ्याचं एक मागणं. आजचा पहिला घोट मला घेऊ द्या."

राजाला जुनी सेवा आठवली. त्यानं होकाराची मान हलवली. हनामेलनं घोट घेतला. जीभ कडूजहर झाली. प्याला खाली ठेवला असता तर कुणीतरी म्हणालं असतं, बघा, उभा आहे की, प्या आता. त्यानं मनातल्या मनात महाराजांना हाक मारली आणि राजासाठी थेंब उरू नये म्हणून सगळा प्याला पिऊन पालथा घातला.

सभा खवळली. पण हनामेल तोवर जमिनीवर कोसळला होता. ते पाहून भाच्याचा धीर सुटला. राजाचे पाय धरून तो रडत म्हणाला, "मामांनीच सांगितलं होतं, नुसते ओठ लाव म्हणून."

गेशेमला तिथल्या तिथे बांधलं. राजा हनामेलचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ऊन उतरलं तेव्हा हनामेलनं झोपेतून उठल्यासारखे डोळे उघडले. म्हणाला, "मी झऱ्यावर होतो. महाराजांनी माझ्या हातातला प्याला काढून घेतला आणि स्वतः प्याले."

दुसऱ्या दिवशी राजा त्याला घेऊन बेथतामारला आला. मागे दोरानं बांधलेला गेशेम होता. महाराज खजुरीखाली आडवे पडले होते. शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "काल दुपारी धडधाकट होते हो. एकदम म्हणाले, तोंड कडू झालं, आणि असे पडले."

महाराजांचे ओठ निळे पडले होते. त्या विषानं ओठ निळे होतात, हे एका गेशेमलाच ठाऊक होतं. आणि शेजारी हनामेल उभा होता, लालबुंद ओठांचा. गेशेम एकदा या ओठांकडे, एकदा त्या ओठांकडे पाहत राहिला.

महाराजांनी डोळे उघडले, गेशेमकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, जरा पाणी पाजतोस?"

राजानं दोर सोडवला. गेशेमनं झऱ्यातून ओंजळ भरून आणली. सवयीनं हनामेल पहिला घोट घ्यायला पुढे वाकला. महाराजांनी त्याला हातानंच मागे सारलं, आणि विष घालणाऱ्याच्या ओंजळीला तोंड लावून ते सगळं पाणी प्याले.

गेशेमचे हात तसेच पुढे राहिले. मग त्यानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देत म्हणाला, "महाराज, मलाही त्या पाण्यात बुडवा."

"बुडवू की," महाराज म्हणाले. "आधी त्या बदकांची माफी माग."