पडावावरून घरी

फार वर्षांमागे, खाडीतून कौलं वाहणाऱ्या एका पडावावर, म्हणजे मोठ्या होडीवर, भुरी नावाची उंदरीण नवरा आणि दोन पिल्लांसह राहायची. जागा इतकी चिंचोळी, की कोणी कूस बदलली तरी चौघांना जाग यायची. "या दाटीवाटीत जीव घुसमटतो," म्हणत भुरीने एकदा सगळ्यांना किनाऱ्यावरच्या जुन्या घरी परत आणलं.

ऐसपैस घर पाहून सगळे हरखले. नवऱ्याने माळा धरला, थोरल्या चिंगीने पडवी, धाकट्या टिल्लूने कोठीची खोली. भुरी चुलीमागे पाय पसरून गाढ झोपली.

उठून ती कोठीत गेली आणि जागीच थिजली. टिल्लू रक्ताळलेली शेपटी सावरत मडक्यामागे थरथरत होता.

"आई, मांजर आलं होतं गं! मी किती हाका मारल्या!"

पोटचं पोर जिवाच्या आकांताने ओरडलं, आणि भुरीच्या कानावर एकही हाक पडली नव्हती. नवरा तर आत्ता कुठे डोळे चोळत माळ्यावरून उतरत होता. "काय झालं गं?"

भुरीने टिल्लूला पोटाशी घेतलं. "आजपासून सगळ्यांनी चुलीमागेच निजायचं."

"एवढं मोठं घर असताना?" पडवीतून आलेली चिंगी कुरकुरली.

"एवढं मोठं आहे, म्हणूनच."