पेकीचा झरा

कोसमटोल्याच्या गोंडांनी आपल्या जंगलावर हक्काचा दावा लावला, तसे सुनावणीसाठी मोठे साहेब गावात आले. मोहाच्या झाडाखाली टेबल मांडून त्यांनी ऐटीत शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा पसरला.

"ही सरकारी मोजणी. यातलं एक अक्षरही खोटं नाही! तेव्हा इथं माणूसच नव्हता, नुसतं जंगल होतं. तुम्ही मागून घुसलात. दावा फेटाळतो!"

सारं गाव ग्रामसभेच्या अध्यक्षीणबाईंकडे, जुरीबाई हिचामीकडे बघू लागलं. जुरीबाईला वाचता येत नव्हतं, पण नकाशावरची निळी रेघ तिनं बरोबर ओळखली. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"इथं काय लिवलं आहे जी?"

"पेकीचा झरा."

"पेकी माझी पणजी. अन् ह्या टेकडीवर?"

"चैतूची टेकडी."

"चैतू तिचा नवरा. माणूसच नव्हता, तर ही नावं तुमच्या मोजणीवाल्याला कोनं सांगितली जी? वाघानं?"

मोहाखाली हशा पिकला. साहेब घाईघाईनं नकाशा गुंडाळू लागले. जुरीबाईनं त्यावर हात ठेवला.

"राहू द्या जी. आता तो आमचा पुरावा आहे."